इलेक्ट्रॉन एवढा हलका, मग रेणू थरथरतो कसा? सेमिनार तोंडावर आलाय, मदत करा

मिरजकर_०७ :

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर मिरजेत, घरी आजोबांपासून तंबोरे आणि सतारी करायचं काम. सेमिनारचा विषय मीच हट्टानं मागून घेतला, अनेक अणूंच्या रेणूंवर हळू इलेक्ट्रॉन आदळले की रेणूत जी कंपनं सुरू होतात ती, आणि त्यातले रेझोनन्स. आता पंधरा दिवस झाले एकाच जागी अडकून बसलोय.

माझा घोळ असा आहे. मी कार्बन डायऑक्साइडचा रेणू घेतला. त्याचं वजन इलेक्ट्रॉनच्या साधारण ८० हजार पट. दोन गोट्या आदळल्यासारखं धरून हिशोब केला तर हलक्या गोटीकडून जड गोटीला जास्तीत जास्त ४ भागिले ८० हजार, म्हणजे २० हजारावा हिस्सा ऊर्जा मिळू शकते. इलेक्ट्रॉन ३.८ ईव्हीचा (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप) घेतला तर रेणूच्या वाट्याला ०.०००१९ ईव्ही. आणि या रेणूचं सगळ्यात स्वस्त कंपन म्हणजे वाकायचं, त्याची एक पायरी ०.०८३ ईव्हीची (कंपनाची ऊर्जा अशा पायऱ्यांनीच वाढते). म्हणजे चारशे पटीहून जास्त कमी पडतंय. पण पुस्तकात तर आलेख दिलाय की बरोब्बर ३.८ ईव्हीच्या आसपास कंपनं धडाधड सुरू होतात आणि एक पायरी नाही, एकदम अनेक पायऱ्या चढतात!

दुसरा घोळ वेळेचा. ३.८ ईव्हीचा इलेक्ट्रॉन सेकंदाला साडेअकराशे किलोमीटर पळतो, रेणू अर्धा नॅनोमीटर धरला तर तो ओलांडायला त्याला ०.४ फेमटोसेकंद (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) लागतात, आणि रेणूला एकदा वाकून परत यायला ५० फेमटोसेकंद. रेणूला कळायच्या आत पाहुणा निघून गेलेला असतो.

तिसरा रेझोनन्स या शब्दाचा. मला लहानपणापासून रेझोनन्स म्हणजे तरफ. सतारीत मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात, वर बरोबर तो सूर लागला की खालची तार हात न लावता बोलते. सूर जुळला म्हणून बोलते. इथं ३.८ आणि ०.०८३, शेहेचाळीस पटीचा फरक, सूर कुठं जुळतोय? एकांना विचारलं तर म्हणाले रेझोनन्स म्हणजे फ्रिक्वेन्सी मॅच, लिही आणि पुढे चल. मला तसं पुढे जाता येत नाही. जे कळलं नाही ते मी फळ्यापुढे उभं राहून कसं सांगू?


सेवानिवृत्त_मास्तर_सांगली :

बाळ, तुझे तिन्ही हिशोब बरोबर आहेत, आणि तिन्हींचा निकाल एकच निघतो तो बघ. इलेक्ट्रॉन गोटीसारखा आदळून रेणूला हलवत नाही. मी ३१ वर्षं शिकवलं, बारावीला फ्रँक आणि हर्ट्झचा १९१४ चा प्रयोग दरवर्षी सांगायचो, पाऱ्याच्या वाफेत इलेक्ट्रॉन सोडले की ४.९ ईव्हीला ऊर्जा एकदम काढून घेतली जाते, तेव्हाही पोरं हेच विचारायची की गोटीच्या हिशोबात बसत नाही ते कसं. तिथं ऊर्जा अणूतल्या इलेक्ट्रॉननं घेतलेली असते. तुझ्या प्रश्नात ती अणूंच्या हालचालीत जाते, म्हणून तुझा प्रश्न जास्त अवघड.

उत्तर असं की इलेक्ट्रॉन थांबतो. ०.४ फेमटोसेकंदात आरपार न जाता तो रेणूच्या अंगात काही फेमटोसेकंद मुक्कामाला राहतो. तेवढा वेळ तो रेणू ऋण आयन झालेला असतो, तात्पुरता.

थांबतो कसा ते विहिरीवरून बघ. इलेक्ट्रॉन जवळ आला की रेणूचा इलेक्ट्रॉन-ढग थोडा सरकतो आणि ओढ तयार होते, ही झाली विहीर. पण इलेक्ट्रॉन सरळ नाकासमोर न येता थोडा कडेनं, फिरकी घेऊन आला असेल तर त्याच्या कोनीय संवेगामुळं बाहेर ढकलणारा एक भाग येतो. लांबवर हा ढकलणारा भाग अंतराच्या वर्गानं कमी होतो आणि ती ओढ चौथ्या घातानं, म्हणजे ओढ लवकर संपते, ढकल उशिरापर्यंत टिकते. दोन्ही मिळून विहिरीला भोवती कठडा तयार होतो. इलेक्ट्रॉनची ऊर्जा बाहेरच्या जमिनीपेक्षा वर पण कठड्याच्या माथ्यापेक्षा खाली, अशी असली की तो कठड्यातून झिरपून आत येतो, आत घुटमळतो आणि झिरपूनच बाहेर जातो. याला शेप रेझोनन्स म्हणतात, कारण तो विहिरीच्या आकारामुळं होतो. आता जुळायचं काय ते सांगतो. इलेक्ट्रॉनची ऊर्जा जुळायला हवी ती विहिरीच्या आतल्या मुक्कामाच्या जागेशी, कंपनाशी नव्हे. त्यामुळं तुझं ३.८ आणि ०.०८३ जुळायचं कारणच नाही.

आणि थांबल्यावर कंपन कसं? आमच्या वाड्यात माजघरात झोपाळा होता. समज झोपाळा शांत उभा आहे, वर तुळईच्या कड्या कुणीतरी झटकन एक हात पुढं सरकवल्या. झोपाळ्याला कुणी हात लावलेला नाही, पण आता त्याची शांत उभं राहायची जागा बदलली, तो त्या जागेकडं निघणार. तो निघाला तेवढ्यात कड्या परत मूळ जागी आणल्या. आता झोपाळा मूळ जागेपासून लांब आहे, म्हणून झुलत राहणार. इलेक्ट्रॉन येतो तेव्हा रेणूतल्या बंधांची स्प्रिंगच बदलते, शांत राहायची लांबी बदलते, आणि तो निघून जातो तेव्हा अणू चुकीच्या जागी सापडतात. वजनाचा प्रश्न येतच नाही. ऊर्जा मात्र इलेक्ट्रॉननं भरायची, तो येताना ३.८ चा असतो आणि जाताना कंपनाच्या पायऱ्यांइतका कमी होऊन जातो, प्रयोगात तेच मोजतात.


कुपवाड_लेझर :

मी शिकलेलो आयटीआय पण हा धागा पूर्ण वाचला कारण कार्बन डायऑक्साइड म्हटल्यावर आमचं दुकानच आलं. कुपवाड एमआयडीसीत माझ्या दोन लेझर कटिंगच्या मशिनी हायत, ॲक्रिलिक, एमडीएफ, लग्नपत्रिकांचं कटिंग, ट्रॉफ्या. ट्यूब काचेची, आत गॅस, बाहेरनं पाण्याचं जॅकेट, चालू झाली की आत जांभळट गुलाबी पट्टा दिसतो, रात्री लाईट घालवून बघत बसावं आसं दिसतंय. लेझर स्वतः दिसत नाही, तो १०.६ मायक्रॉनचा, डोळ्याला दिसतच नाही.

आता माझी शंका. ट्यूब विकणारा सांगतो की आत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम हाय आणि कार्बन डायऑक्साइड तर त्यात कमीच. मग नायट्रोजन कशाला घालत्यात? हवेत तसा पण भरलेलाच हाय की. मी दहा वर्षं हे विचारतोय, कोण म्हणतंय प्रेशर धरायला, कोण म्हणतंय थंड ठेवायला. मास्तर जे इलेक्ट्रॉन थांबतोय म्हणाले त्याचा आणि याचा काय संबंध हाय का? कारण ट्यूबमधी पण आम्ही वीस-पंचवीस हजार व्होल्ट लावून इलेक्ट्रॉनच पळवतोय.


कृष्णाकाठची_संशोधक :

संबंध आहे दादा, अगदी थेट आहे, आणि तुमच्या प्रश्नातूनच मिरजकरचं अर्धं उत्तर निघतं. मी मूळची वाईची, पीएचडी याच विषयात केली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नायट्रोजनपासून सुरू करू कारण त्यात दोनच अणू, एकच कंपन, चित्र स्वच्छ दिसतं. २.३ ईव्हीच्या आसपासचा इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या एका रिकाम्या ऑर्बिटलमध्ये, म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनच्या राहायच्या जागेत, मुक्काम करतो. ते ऑर्बिटल बंध सैल करणारं आहे, म्हणून इलेक्ट्रॉन आत असेपर्यंत बंध लांबायला लागतो, मास्तरांच्या कड्या सरकतात त्या अशा. शुल्झ यांनी १९६२ आणि १९६४ मध्ये हे मोजून दाखवलं, नायट्रोजन आठव्या पायरीपर्यंत कंपायला लागतो. आणि आलेखात एक गुळगुळीत टेकडी न येता करवतीसारखी शिखरं आली. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे पहिल्या पायरीसाठीच्या आलेखात शिखरं एका जागी, दुसरीच्या आलेखात थोडी सरकलेली, तिसरीच्या आणखी. ती ऋण आयनाच्या पक्क्या पातळ्या असत्या तर सगळ्या आलेखांत एकाच ऊर्जेला आली असती. १९७१ मध्ये बर्टविसल आणि हर्झेनबर्ग यांनी याचा उलगडा केला. इलेक्ट्रॉन आत असताना बंध एकदा लांबतो, टोकाला जाऊन परत येतो, आणि जेमतेम तेवढ्याच वेळात इलेक्ट्रॉन निसटतो. जाणारी लाट आणि परत आलेली लाट एकमेकींत मिसळून ती शिखरं तयार होतात. फेकलेलं बूमरँग परत यावं तसं, म्हणून त्याला बूमरँग मॉडेल म्हणतात. जर इलेक्ट्रॉन खूप कमी वेळ थांबला असता तर शिखरंच दिसली नसती, खूप जास्त थांबला असता तर ती पक्की, जागच्या जागी आली असती. मुक्काम आणि कंपन यांचा वेळ एकाच मापाचा निघाला म्हणून हे दिसलं.

आता लेझर. ट्यूबमधल्या डिस्चार्जमध्ये, म्हणजे गॅसमधून वीज वाहते तिथं, बहुतेक इलेक्ट्रॉन एक-दोन-तीन ईव्हीचे असतात, नेमके नायट्रोजनच्या रेझोनन्सच्या टप्प्यातले. म्हणून विजेची ऊर्जा नायट्रोजनच्या कंपनात भराभर जाते. नायट्रोजनचे दोन्ही अणू सारखे असल्यानं तो ही ऊर्जा प्रकाश म्हणून टाकू शकत नाही, ती सांभाळून ठेवतो. आणि त्याची पहिली पायरी २३३० वेव्हनंबरची (हेही ऊर्जेचंच माप, मिरजकरचे ०.०८३ ईव्ही म्हणजे ६६७), कार्बन डायऑक्साइडच्या विषम ताणाच्या कंपनाची, म्हणजे एक बंध लांबतो तेव्हा दुसरा आखडतो त्याची, पायरी २३४९ ची. फरक वीसपेक्षा कमी, आणि खोलीच्या तापमानाची उष्णता म्हणजेच दोनशेच्या पुढे, त्यामुळं तो फरक कुठंही भरून निघतो. दोन रेणू भेटले की ऊर्जा या हातातून त्या हातात. तर दादा, तुमच्या ट्यूबमधला नायट्रोजन हा इलेक्ट्रॉनकडून ऊर्जा घेऊन कार्बन डायऑक्साइडला देणारा मधला माणूस आहे. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये बनवला कुमार पटेल यांनी, आणि त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात झालेलं. फलटणच्या पलीकडे गेलं की बारामती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं.

मिरजकर, आता तुझा रेणू. मास्तरांच्या म्हणण्यात दोन भर घालते. एक, प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉन थांबायलाच हवा असं नाही. रेणू कंपताना ज्या कंपनात दोन टोकांचा विद्युतभार डावा-उजवा होतो तिथं इलेक्ट्रॉन लांबून जाता जाता आपल्या विद्युतक्षेत्रानं कंपन चालू करू शकतो. कार्बन डायऑक्साइडचं वाकणं आणि विषम ताण यात तसं होतं. पण सम ताणात, म्हणजे दोन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर आणि एकदम आत, भार कुठंच सरकत नाही. तिथं लांबून जाऊन भागत नाही. म्हणून ३.८ ईव्हीला सम ताण जोरात सुरू झालेला दिसला की समजायचं, इलेक्ट्रॉन मुक्कामाला होता. सेमिनारमध्ये हा मुद्दा नक्की घे, मला तरी हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

दुसरी भर, आणि अनेक अणूंच्या रेणूची खरी मौज इथं सुरू होते. नायट्रोजनला एकच वाट, लांबणे-आखडणे. कार्बन डायऑक्साइडला तीन अणू सरळ रेषेत, म्हणून ३ गुणिले ३ वजा ५, चार वाटा: सम ताण, विषम ताण, आणि वाकणं दोन दिशांनी. इलेक्ट्रॉन ज्या ऑर्बिटलमध्ये येतो त्या सरळ रेणूत दोन सारख्या जागा असतात. रेणू जरा वाकला की त्या दोन जागा सारख्या राहत नाहीत, एक खाली जाते, एक वर. खालच्या जागेतल्या इलेक्ट्रॉनला रेणू वाकलेलाच हवा असतो, कार्बन डायऑक्साइडचा ऋण आयन निवांत असला तर साधारण १३५ अंशात वाकलेला असतो. म्हणजे कड्या नुसत्या पुढं नाही, पुढं आणि बाजूला अशा दोन्हीकडं सरकतात, आणि इलेक्ट्रॉन किती वेळ टिकेल हेही रेणू त्या क्षणी कुठं पोचलाय त्यावर बदलत जातं. मास्तर, झोपाळ्याची उपमा मला फार आवडली, फक्त एवढी सुधारणा हवी की कड्या परत कधी येणार हे झोपाळा कुठं पोचलाय त्यावर ठरतं. एकाच अंतरावर न मोजता दोन-तीन दिशांच्या पृष्ठभागावर हे सगळं सोडवावं लागतं, आणि म्हणूनच नायट्रोजनचा प्रश्न १९७१ मध्ये सुटला तरी अनेक अणूंच्या रेणूंवर लोक अजून काम करतायत.

आता तुझी तरफ. ती टाकून देऊ नकोस, ती याच रेणूत आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी. वाकायची पायरी ६६७ वेव्हनंबरची. दोन पायऱ्या मिळून १३३४. आणि सम ताणाची स्वतःची पायरी जवळपास तेवढीच. इथं सूर जुळतो! वाकणं दुप्पट सुरात बोलतं आणि ताण त्याच सुरात, म्हणून दोघं एकमेकांत मिसळतात आणि एका पातळीच्या जागी दोन येतात, १२८५ आणि १३८८. फर्मी यांनी १९३१ मध्ये हे ओळखलं, म्हणून याला फर्मी रेझोनन्स म्हणतात. रामन वर्णपटात, म्हणजे रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात, या दोन रेषा शेजारी शेजारी दिसतात. या दोघींत फरक फक्त ०.०१३ ईव्हीचा, त्यामुळं इलेक्ट्रॉनच्या प्रयोगात त्या वेगळ्या दिसायला यंत्र फार बारीक लागतं. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गच्या मायकेल ॲलन यांनी २००१ मध्ये त्या वेगळ्या करून दाखवल्या आणि निघालं असं की हळू इलेक्ट्रॉन दोघींना सारखं वागवत नाही, कुणाला किती द्यायचं हे त्याच्या ऊर्जेवर बदलतं. म्हणजे एका रेणूत दोन वेगळे रेझोनन्स, आणि शब्द एकच. तू अडकलास ते बरोबर जागी अडकलास.


मिरजकर_०७ :

ताई, मास्तर, मी हे काल रात्री चार वेळा वाचलं. आज सकाळी दुकानात बाबा तंबोऱ्याची जवारी लावत होते, घोडीवर तार आणि तारेखाली सुताचा धागा, तो धागा केसभर पुढं-मागं करत करत ते कान लावून बसतात. धाग्याला वजन म्हणाल तर काहीच नाही, तो तारेला छेडत पण नाही, पण तो योग्य जागी बसला की तार घोडीला कशी टेकते तेच बदलतं आणि सगळा आवाज उघडतो. मला एकदम वाटलं की माझा इलेक्ट्रॉन हा धागा आहे, आणि मी इतके दिवस त्याला नखी समजत होतो. तार छेडणारी नखी. आणि तरफ ती १३३४ वाली. बाबांना सांगितलं तर म्हणाले धागा योग्य जागी बसायला वेळ लागतो, घाई केली की जवारी मरते.

एकच विचारायचंय. मुक्काम काही फेमटोसेकंदाचा असतो म्हणता, ते मोजतात कसं, एवढ्या बारीक वेळाचं घड्याळ तर १९६४ ला नसणार. आणि कुठल्या रेणूत इलेक्ट्रॉन आणखी जास्त थांबतो असं आहे का?


सेवानिवृत्त_मास्तर_सांगली :

पहिल्याचं मी सांगतो. घड्याळ लागत नाही. आलेखातल्या शिखराची रुंदी ऊर्जेत मोज, आणि ०.६६ ला त्या रुंदीनं भाग, उत्तर फेमटोसेकंदात. रुंदी ०.२ ईव्ही असली तर मुक्काम साधारण सव्वातीन फेमटोसेकंद. जितकं शिखर अरुंद तितका मुक्काम लांब. हे अनिश्चिततेच्या तत्त्वातूनच येतं, ते तुला पाठ असेल. नखी आणि धागा हे फळ्यावर चित्र काढूनच दाखव, माझ्या झोपाळ्यापेक्षा ते तुझ्या तोंडून जास्त चांगलं येईल.


सबस्टेशन_सातारा :

इथं माझं पण एक भर घालतो, जास्त वेळ थांबणारा इलेक्ट्रॉन आमच्याकडं आहे असं मला वाटतंय, चुकलो तर ताई सांगतील. मी सातारा जिल्ह्यात सबस्टेशनवर मेंटेनन्सला आहे. आमच्या ब्रेकरमध्ये एसएफसिक्स गॅस असतो, सल्फर हेक्साफ्लोराइड, हवेच्या पाचपट जड. ब्रेकर उघडला की कॉन्टॅक्टच्या मध्ये आर्क, म्हणजे विजेचा जाळ, लागतो, आणि करंट शून्यातून जातो त्या क्षणी तो परत पेटू नये म्हणून हा गॅस. ट्रेनिंगमध्ये एकच ओळ सांगितली होती की हा गॅस इलेक्ट्रॉन खातो. खातो म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, आज विचारतो. आम्ही त्याचा डेन्सिटी मीटर रोज लिहून ठेवतो, सुई हिरव्या पट्ट्याच्या खाली यायला लागली की पहिली धावपळ गळती शोधायची, कारण हा गॅस हवेत सोडायचाच नाही, हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटीहून जास्त आहे, भरताना-काढताना गॅस कार्ट लावून सगळा परत गोळा करतो.


कृष्णाकाठची_संशोधक :

बिलकुल चुकला नाहीत. खाणं म्हणजे हेच, पण इथं दार वेगळं आहे. कठड्याची विहीर कडेनं फिरकी घेऊन येणाऱ्या इलेक्ट्रॉनसाठी. एसएफसिक्समध्ये इलेक्ट्रॉन जवळजवळ शून्य ऊर्जेचा, सरळ येणारा, त्याला कठडाच नाही. तो आत येतो, रेणूला चिकटला की साधारण १ ईव्ही ऊर्जा मोकळी होते, आणि ती ऊर्जा जाते कुठं? सात अणू, ३ गुणिले ७ वजा ६ (अणू सरळ रेषेत नसले की ५ ऐवजी ६ वजा), पंधरा कंपनं. त्या पंधरा जागी ती वाटली जाते. इलेक्ट्रॉनला परत बाहेर पडायचं तर ती वाटलेली ऊर्जा सगळी पुन्हा एका ठिकाणी त्याच्या हातात यायला हवी, आणि पंधरा खिशांत गेलेले पैसे पुन्हा एका खिशात यायला फार वेळ लागतो. म्हणून फेमटोसेकंदाच्या जागी मुक्काम मायक्रोसेकंद आणि त्याहूनही पुढं जातो, कोट्यवधी पट जास्त. तेवढ्यात शेजारच्या रेणूशी टक्कर होऊन जास्तीची ऊर्जा निघून गेली की इलेक्ट्रॉन कायमचा अडकला. चपळ इलेक्ट्रॉनच्या जागी आता जड, सुस्त आयन, आर्कला पळायला कुणी उरलंच नाही. याला कंपनाचा फेशबाख रेझोनन्स म्हणतात. मिरजकर, नायट्रोजन एक कंपन, कार्बन डायऑक्साइड चार, एसएफसिक्स पंधरा, या क्रमानं सेमिनार मांडलास तर अणू वाढले की काय बदलतं ते आपोआप दिसेल.

कधी कधी मात्र कंपनानं भागत नाही, इलेक्ट्रॉन आत असतानाच बंध इतका लांबतो की तुटतोच. कार्बन डायऑक्साइडमध्ये ४.४ ईव्हीच्या आसपास ऑक्सिजनचा ऋण आयन सुटा होऊन बाहेर पडतो, बाकी कार्बन मोनॉक्साइड राहतो. आणि तुझं मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून हेही सांगते, २००० मध्ये कॅनडातल्या शेरब्रूकच्या लिऑन सांश यांच्या गटानं दाखवलं की ३ ते २० ईव्हीचे हळू इलेक्ट्रॉनसुद्धा डीएनएची साखळी तोडू शकतात, तीही अशाच तात्पुरत्या मुक्कामातून. कॅन्सरला रेडिएशन देतात तेव्हा शरीरात असे हळू इलेक्ट्रॉन असंख्य तयार होतात. हा विषय मी निवडला तो या एका निष्कर्षामुळं.


कुपवाड_लेझर :

नायट्रोजनचं दहा वर्षांचं कोडं सुटलं, ताई तुमचे उपकार झाले. आता एवढं सांगा, मग हेलियम कशाला? आणि उन्हाळ्यात चिलरचं पाणी तापलं की पॉवर पडती, ॲक्रिलिकची कड कापायच्या ऐवजी वितळल्यासारखी येती, त्याचं कारण यातच हाय का?


कृष्णाकाठची_संशोधक :

यातच आहे. तुमचा प्रकाश निघतो तो २३४९ वरून १३८८ ला उतरताना, म्हणून तो १०.६ च्या आसपास, आणि १२८५ ला उतरला तर साडेनऊच्या आसपास. म्हणजे तरफेच्या ज्या दोन पातळ्या वर लिहिल्या त्यांच्यामुळंच या लेझरला दोन पट्टे आहेत. आता खाली उतरलेले रेणू तिथं साचून राहिले तर लेझर बंद पडेल. त्यांना ६६७ च्या वाकण्यात आणि तिथून शून्यावर आणायचं काम हेलियम करतो, टकरी देऊन, आणि उष्णता काचेपर्यंत पटकन पोचवतोही तोच. पण गॅस स्वतःच तापला तर उष्णतेनंच रेणू वाकायला लागतात. खोलीच्या तापमानाला शंभरातले सात-आठ वाकण्याच्या पायरीवर असतात, गॅस सव्वाशे अंशाला गेला की ते प्रमाण दुपटीवर जातं. खालची जागा आधीच भरलेली, वरून उतरायला वाट नाही, पॉवर पडणारच.


कुपवाड_लेझर :

आज दुपारी बघितलं, पाणी ३१ वर होतं. चिलरच्या जाळीत एमडीएफचा भुसा बसलेला. जाळी धुतली, पाणी बदललं, आता २१ वर धरलंय आणि तीच पाच एमएमची शीट त्याच स्पीडला आरपार जातीया, कड काचेसारखी. मिरजकर, सेमिनारच्या आधी एकदा दुकानावर ये, लाईट घालवून ट्यूब दाखवतो. फोटो काढून घेऊन जा, पोरांना दाखव नायट्रोजन काय करतोय ते.


मिरजकर_०७ :

शनिवारी येतो दादा. बाबा पण येतो म्हणतायत, त्यांना तो गुलाबी पट्टा बघायचाय.